जोन्स हे वेल्श आडनाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या पश्चिमेला लागून असलेल्या वेल्समधील जोन्स या आडनावाच्या उगमाविषयी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवात मूलभूत प्रश्नांपासून आहे, अडचणीचे अपवाद पुढे आहेत. एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे सविस्तर आले असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जोन्स या आडनावाचा अर्थ काय?

जोन्स म्हणजे ‘जॉनचा’ किंवा ‘जॉनची’, अर्थात जॉनचे अपत्य. शेवटचा ‘स’ हा इंग्रजीतील षष्ठीचा प्रत्यय आहे. जॉन हे नाव मूळचे हिब्रू असून ‘परमेश्वराने कृपा केली’ असा त्याचा अर्थ आहे. ग्रीक आणि लॅटिनमार्गे ते युरोपभर पसरले. आपल्याकडील अनेक आडनावांत गावाचा किंवा वतनाचा निर्देश असतो, तसा जोन्समध्ये काहीही नाही. त्यात केवळ एका बापाचे नाव आहे, आणि तो बाप नेमका कोणत्या पिढीतला हे आडनावावरून कळत नाही. पुढच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ येथेच आहे.

२. वेल्श वर्णमालेत ‘जे’ हे अक्षरच नाही, असे ऐकले. मग वेल्समधील सर्वाधिक लोकांचे आडनाव ‘जे’ने कसे सुरू होते?

आपण ऐकले ते खरे आहे. पारंपरिक वेल्श वर्णमालेत ‘जे’ नाही. उसन्या शब्दांसाठी ते अक्षर अलीकडच्या काळात स्वीकारले गेले. जॉन या नावाची वेल्शमध्ये निरनिराळी रूपे होती. येयान हे सर्वांत जुने, त्याचेच बोलीतील रूप ईवान, बायबलच्या भाषांतरातून रुळलेले योआन, आणि इंग्रजी उच्चार वेल्श जिभेवर बसल्यावर झालेले शोन. घरात, शेतात, बाजारात माणसाला शोन किंवा ईवान अशीच हाक मारली जाई. परंतु नोंदवही लिहिणारा कारकून किंवा पाद्री इंग्रजी अथवा लॅटिनमध्ये लिहीत असे, आणि शोनच्या मुलापुढे त्याने लिहिले जोन्स. घरातली भाषा एक आणि दप्तरातली दुसरी असली की असे घडते. म्हणूनच, जोन्स हे वेल्श माणसांचे आडनाव असले तरी त्याची घडण इंग्रजी आहे.

३. आडनावे येण्यापूर्वी वेल्श लोक एकमेकांना कसे ओळखत?

बापाच्या नावाने. वेल्श भाषेत मुलाला ‘माब’ म्हणतात. दोन नावांच्या मध्ये येताना त्याचे ‘आप’ होते आणि पुढे स्वर असेल तर ‘आब’. मुलीसाठी ‘वेर्ख’ हा शब्द होता. रीस आप ग्रिफिद म्हणजे ग्रिफिदचा मुलगा रीस. जुनी मोडी कागदपत्रे चाळलेल्या वाचकांना ‘अमुक बिन तमुक’ ही पद्धत परिचयाची असेल. ‘आप’चे काम अगदी तेच. मात्र वेल्समध्ये एका बापावर थांबत नसत. आजा, पणजा, खापरपणजा असे पुढे पुढे जोडत नेले जाई.

यामागे केवळ हौस नव्हती. दहाव्या शतकातील राजा हवेल दा याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेल्श कायद्यात नातेसंबंधाला प्रत्यक्ष किंमत होती. कोणी खून केला तर ‘गालानास’ नावाची भरपाई एकट्या खुन्यावर न पडता त्याच्या दूरच्या भाऊबंदांपर्यंत वाटली जाई, आणि मृताच्या बाजूनेही ती तशीच वाटून घेतली जाई. जमीन थोरल्याकडे न जाता सर्व मुलांत विभागली जाई. अशा समाजात आपला खापरपणजा कोण होता हे ठाऊक नसणे म्हणजे आपला हक्क आणि आपली देणी ठाऊक नसणे होते. ११९४ च्या सुमारास वेल्सचे वर्णन लिहिणाऱ्या जेराल्ड या धर्मपंडिताने नमूद केले आहे की, तेथील सामान्य माणूससुद्धा सहा-सात पिढ्यांची नावे सहज सांगतो.

बापाच्या नावाखेरीज अंगलक्षणावरूनही माणसे ओळखली जात. लॉइड हे आडनाव ‘लुइद’ म्हणजे करडा यावरून, गॉफ हे ‘कोख’ म्हणजे तांबडा यावरून, आणि व्हॉन हे ‘वखन’ म्हणजे धाकटा यावरून आले.

४. इंग्रज सरकारने कायदा करून वेल्श लोकांना आडनावे घ्यायला लावली, हे खरे का?

अशा शब्दांत मांडले तर ते खरे नाही. १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत विलीन झाले, परंतु त्यांत आडनाव घेण्याविषयी कलम नाही. त्यांनी केले ते असे, की न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरवली, इंग्रजी न वापरणाऱ्याला सरकारी पद बंद केले, आणि वारसाहक्क, पंचांची यादी, करवसुली अशी सगळी दप्तरे इंग्रजी धाटणीची झाली. त्या दप्तरात पाच-सहा ‘आप’ असलेले नाव मावत नव्हते.

एक परंपरागत कथा नेहमी सांगितली जाते. सरहद्दीच्या प्रांतांचे अध्यक्ष बिशप रोलंड ली यांच्यासमोर पंचांच्या नावांचा पुकारा चालला होता. ‘आप’ ‘आप’च्या लांबलचक माळांना कंटाळून त्यांनी हुकूम केला की, प्रत्येकाने शेवटचे नाव किंवा राहत्या घराचे नाव तेवढे ठेवावे. आणि टॉमस आप रिचर्ड आप हवेल आप येयान वखन हे गृहस्थ त्या दिवसापासून आपल्या वाड्याच्या नावावरून टॉमस मॉस्टिन झाले. कथेचा तपशील कसाही असो, मॉस्टिन हे घराणे आणि त्याचे स्थानवाचक आडनाव खरे आहे.

आधी बड्या घराण्यांनी आडनावे घेतली, कारण इंग्रज दरबार, वकिली आणि लग्नसंबंध यांत त्यांचा वावर होता. सामान्य शेतकऱ्यांपर्यंत हा बदल हळूहळू, पूर्वेकडून पश्चिमेकडे झिरपत गेला. इंग्लंडच्या सीमेलगत तो लवकर झाला. वायव्येकडील डोंगराळ भागात, म्हणजे मेरिओनिद, कार्नार्वन आणि अँगलसी बेट येथे, अठरावे शतक सरत आले तरी बापाचे नाव लावण्याची रीत जिवंत होती आणि काही घरांत ती एकोणिसाव्या शतकातही टिकली.

नाव कोणत्या पिढीवर थांबते याला किती महत्त्व आहे, हे इंग्लंडच्या राजघराण्यावरून दिसते. सातव्या हेन्रीचा आजा ओवाइन आप मारेदिद आप टिदिर. त्याच्या बापाचे नाव चिकटले असते, तर १४८५ मध्ये गादीवर आलेले घराणे मेरेडिथ म्हणून ओळखले गेले असते. चिकटले ते ओवाइनच्या आजाचे, म्हणजे टिदिरचे नाव, म्हणून ते ट्यूडर झाले.

५. पण इतके जोन्स आले कोठून?

आडनावे गोठली त्या वेळी मुलांना ठेवायची नावेच थोडी उरली होती, हे याचे मुख्य कारण. मध्ययुगात वेल्श नावांचा साठा मोठा आणि सुंदर होता. नॉर्मन आक्रमणानंतर जॉन, विल्यम, रॉबर्ट, टॉमस, ह्यू ही नावे आली आणि जुनी नावे मागे पडत गेली. धर्मसुधारणेच्या काळात बायबलमधील नावांना आणखी मान मिळाला. एखाद्या खेड्यात दर चार-पाच पुरुषांमागे एकाचे नाव जॉन असेल, आणि नेमक्या त्या पिढीत आडनाव ठरले असेल, तर त्या गावात जोन्सांची गर्दी होणारच. विल्यम्स, डेव्हिस, एव्हान्स, टॉमस, रॉबर्ट्स आणि ह्यूज यांचीही हीच कथा आहे. इंग्लंडमध्ये धंद्यांवरून आणि गावांवरून आडनावे पडल्यामुळे तेथे विविधता राहिली. वेल्समध्ये जवळजवळ सगळा भार मोजक्या बापांच्या नावांवर आला.

इंग्लंड आणि वेल्सच्या महानिबंधकांच्या १८५३ सालच्या अहवालात आडनावांची गणती आहे. त्यात स्मिथ पहिले आणि जोन्स दुसरे आहे. जॉन जोन्स हे नाव म्हणजे वेल्समध्ये कायमचे अज्ञातपणच आहे, बाजारच्या गावी चौकात ते पुकारले तर विशिष्ट असा कोणीच सूचित होणार नाही, असेही तेथे नोंदवले आहे. आजही वेल्समध्ये शंभर माणसांत पाच-सहा जोन्स भेटतात. २००६ मध्ये कार्डिफच्या मिलेनियम सेंटरमध्ये एकाच आडनावाची माणसे जमवण्याचा विक्रम झाला, तेव्हा १,२२४ जोन्स एका छताखाली आले होते.

६. म्हणजे सगळे जोन्स मुळात एकाच कुळातले का?

नाहीत. आपल्याकडे दोन पाटील भेटले म्हणून ते भाऊबंद ठरत नाहीत, तसेच हे आहे. जोन्स हे आडनाव हजारो घरांत, वेगवेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे तयार झाले. शेजारशेजारच्या दोन शेतांवरील जोन्स कुटुंबांत रक्ताचा काही संबंध नसू शकतो, आणि उलट, एका जोन्सचे सख्खे चुलते डेव्हिस असू शकतात (पाहा: प्रश्न ९). याच कारणाने ‘जोन्स घराण्याचे मानचिन्ह’ म्हणून भेटवस्तूंच्या दुकानांत मिळणाऱ्या ढालींना इतिहासाचा आधार नाही. मानचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वारसांना मिळते, आडनावाला मिळत नाही.

७. एव्हान्स, बेव्हन, जेन्किन्स, अपजॉन ही आडनावे जोन्सची भावंडे आहेत, हे कसे?

ही सगळी जॉन या एकाच नावाच्या निरनिराळ्या रूपांपासून निघाली आहेत. ईवान या रूपाला इंग्रजी प्रत्यय लागून एव्हान्स झाले. ‘आब ईवान’ एका दमात म्हटले की ‘आब’मधला ‘ब’ पुढच्या नावाला चिकटतो आणि बेव्हन उरते. पॉवेल (आप हवेल), प्राइस (आप रीस), प्यू (आप ह्यू), पॅरी (आप हॅरी) आणि बोवेन (आब ओवाइन) यांची घडण अशीच आहे. ‘आप जॉन’चे अपजॉन झाले. जॉनच्या लाडक्या रूपावरून जेन्किन आणि त्यावरून जेन्किन्स, जे दक्षिणेकडे अधिक आढळते. नैर्ऋत्येकडे तर प्रत्यय न लावता नुसते जॉन हेच आडनाव राहिले.

शोध घेणाऱ्यांनी येथे सावध राहावे. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये आहेत, आणि लॅटिन लिहिणाऱ्याच्या लेखी ईवान आणि जॉन हे दोघेही योहान्नेसच. त्यामुळे नोंदीतल्या योहान्नेसच्या मुलाचे आडनाव पुढे जोन्स झाले की एव्हान्स, हे त्या एका नोंदीवरून ठरवता येत नाही.

८. कलकत्त्याचे सर विल्यम जोन्स हेही याच परंपरेतले का?

होय, आणि आडनाव डोळ्यांदेखत गोठताना पाहायचे असेल तर त्यांच्या घराण्यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही. अँगलसी बेटावरील एका छोट्या शेतकऱ्याचे नाव शोन शोर, इंग्रजीत जॉन जॉर्ज. त्याला १६७५ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव विल्यम. जुन्या रीतीने मुलाने बापाचे पहिले नाव लावले आणि तो विल्यम जोन्स झाला. जॉर्ज हे आजाकडचे नाव तेथेच सुटले. हाच विल्यम पुढे लंडनमध्ये गणिती म्हणून प्रसिद्धीस आला. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी ‘पाय’ हे ग्रीक अक्षर त्याने १७०६ मध्ये छापील पुस्तकात वापरले, आणि आपल्या शाळांतील मुले आजही तेच वापरतात.

त्याचा मुलगा १७४६ मध्ये लंडनमध्ये जन्मला. त्याचेही नाव विल्यम. बेटावरची रीत पाळली असती, तर विल्यमचा मुलगा म्हणून तो विल्यम विल्यम्स झाला असता. पण घर आता लंडनचे होते आणि आडनाव बापाकडून जसेच्या तसे मुलाकडे आले. हेच सर विल्यम जोन्स. ते १७८३ मध्ये न्यायाधीश म्हणून कलकत्त्यास आले, पुढच्या वर्षी त्यांनी एशियाटिक सोसायटी स्थापन केली, १७८६ च्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे मूळ एक असावे असे प्रतिपादन केले, आणि ‘शाकुंतल’ इंग्रजीत नेले. संस्कृतच्या इतिहासात पक्के बसलेले हे आडनाव फक्त एका पिढीचे जुने होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

९. सख्ख्या भावांची आडनावे वेगळी दिसतात. नोंदीत चूक आहे का?

बहुधा नाही. समजा, जॉनचा मुलगा डेव्हिड हा डेव्हिड जोन्स म्हणून नोंदला गेला. त्याला दोन मुलगे, टॉमस आणि ह्यू. गावातच राहिलेला टॉमस जुन्या रीतीने डेव्हिडचा मुलगा म्हणून टॉमस डेव्हिस झाला. कामासाठी लिव्हरपूलला गेलेल्या ह्यूला तेथल्या मुकादमाने बापाचे आडनाव विचारले आणि तो ह्यू जोन्स राहिला. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. एकच माणूस लग्नाच्या नोंदीत एका आणि मृत्युपत्रात दुसऱ्या आडनावाने आढळणेही शक्य आहे.

१ जानेवारी १८१३ पासून पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतील गावभागाच्या) बाप्तिस्मा नोंदवह्या छापील रकान्यांच्या झाल्या आणि त्यांत आई-वडिलांच्या आडनावासाठी वेगळा रकाना आला. त्यापूर्वी ‘विल्यमचा मुलगा जॉन’ एवढे लिहून भागत असे. आता मोकळा रकाना समोर होता आणि पाद्र्याला तो भरायचाच होता. कित्येक कुटुंबांचे आडनाव नोंदींत पहिल्यांदा स्थिर दिसते ते या काळात.

१०. लग्नानंतर वेल्श बायका नवऱ्याचे आडनाव लावत होत्या का?

जुन्या रीतीत नाही. बाई अमक्याची मुलगी असे आणि लग्नानंतरही तीच ओळख कायम राहत असे. आडनावे स्थिर झाल्यावरही ग्रामीण भागात ही सवय बराच काळ टिकली, आणि तिची साक्ष थडग्यांवर आहे. उत्तर वेल्समधील कबरींचे दगड पुष्कळदा करड्या-निळ्या स्लेटचे असतात, आणि स्लेटवरचे अक्षर दोनशे वर्षांनीही धारदार राहते. वर ‘एर कोव अम’, म्हणजे ‘च्या स्मरणार्थ’. त्याखाली पुरुषाचे नाव, लगेच शेताचे नाव. मग ‘हेव्हिद’, म्हणजे ‘तसेच’, आणि त्यापुढे पत्नीचे नाव तिच्या माहेरच्या आडनावासह. अशी एक ओळ कधी कधी दहा नोंदवह्यांपेक्षा जास्त सांगून जाते.

११. गावात निम्मे जोन्स असतील तर लोक एकमेकांना ओळखतात कसे?

धंदा, घर आणि टोपणनाव यांच्या आधाराने. दूध घालणारा जोन्स द मिल्क, पाववाला जोन्स द ब्रेड. वेल्श पलटणींत एकाच आडनावाचे शिपाई इतके असत की, सैनिक क्रमांकाचे शेवटचे अंक आडनावाला जोडून हाक मारली जाई. शेतकऱ्याला त्याच्या शेताच्या नावाने ओळखण्याची पद्धत सर्वांत जुनी आणि सर्वांत भरवशाची आहे.

आईकडचे नाव मध्ये घालून जोडआडनाव करण्याची रीतही यातूनच वाढली. पंतप्रधान डेव्हिड लॉइड जॉर्ज यांच्या वडिलांचे आडनाव जॉर्ज. वडील लवकर वारल्यावर ज्या मामांनी त्यांना वाढवले, ते चर्मकाम करणारे रिचर्ड लॉइड.

१२. जोन्स पूर्वजाचा शोध घ्यायचा तर सुरुवात कोठून करावी?

आडनाव बाजूला ठेवून पॅरिश आणि शेताचे नाव शोधावे. १ जुलै १८३७ पासून नागरी नोंदणी सुरू झाली. त्यानंतरच्या विवाहाच्या दाखल्यावर वधूवरांच्या वडिलांचे पूर्ण नाव आणि धंदा असतो, म्हणून जोन्सच्या शोधात जन्मदाखल्यापेक्षा विवाहाचा दाखला अधिक उपयोगी ठरतो. नवरदेव जोन्स आणि त्याचे वडील जॉन विल्यम्स असतील, तर जुनी रीत अजून चालू होती हे लगेच समजते. १८४१ पासूनच्या जनगणनेत घराचे किंवा शेताचे नाव बहुधा मिळते. ‘टी मौर’ म्हणजे मोठे घर आणि ‘पेन-अ-ब्रिन’ म्हणजे टेकडीमाथा ही नावे पॅरिशोपॅरिशी असल्यामुळे शेत आणि पॅरिश या दोन्ही गोष्टी जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

१८५८ पूर्वी वेल्समधील चर्च न्यायालयांत सिद्ध झालेली मृत्युपत्रे अॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने सर्वांना मोफत पाहता येतील अशी ठेवली आहेत. गाई, मेंढ्या, पलंग, कढई कोणाला द्यायची हे लिहिताना माणूस मुलांची आणि जावयांची नावे घेतो, त्यामुळे विखुरलेले कुटुंब एका कागदावर भेटते. पॅरिशच्या नोंदवहीत मूल सापडले नाही तर ते चॅपेलच्या, म्हणजे अँग्लिकन चर्चबाहेरील पंथांच्या प्रार्थनागृहाच्या, नोंदींत पाहावे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून वेल्समधील फार मोठा समाज अँग्लिकन चर्चपासून दूर गेला होता.

१३. जगातील प्रत्येक जोन्स वेल्श वंशाचा मानावा का?

मानू नये. हे आडनाव इंग्लंडमध्ये तेराव्या शतकापासून सापडते, म्हणजे वेल्समध्ये ते रुजण्याच्या कितीतरी आधी. अमेरिकेत २०१० च्या जनगणनेत जोन्स पाचव्या क्रमांकावर होते, १४ लाखांहून अधिक माणसांचे. त्यांत कृष्णवर्णीय अमेरिकनांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांच्यापैकी अनेकांकडे हे आडनाव गुलामगिरीच्या काळातून आले आहे. तेथे वेल्श रक्त शोधण्यापेक्षा कोणाच्या मळ्यावर आणि कोणत्या परिस्थितीत ते आडनाव आले, हे विचारणे अधिक न्याय्य आहे. गायक टॉम जोन्स वेल्श आहेत, परंतु त्यांचे जन्माचे आडनाव वुडवर्ड. जोन्स हे त्यांच्या आईचे माहेरचे आडनाव.

वेल्समधून थेट बाहेर गेलेल्या जोन्सांच्या खुणा मात्र ठळक आहेत. १८६५ मध्ये मिमोझा जहाजाने सुमारे दीडशे वेल्श लोक अर्जेंटिनातील पॅटागोनियात उतरले. तेथील ट्रेलेऊ हे शहर लुइस जोन्स यांच्या नावावरून ओळखले जाते, ‘ट्रे’ म्हणजे गाव. आपल्या ईशान्येत, चेरापुंजी येथे १८४१ मध्ये आलेले मिशनरी टॉमस जोन्स यांनी खासी भाषा रोमन लिपीत बसवली, आणि मेघालयात २२ जून हा त्यांच्या नावाचा दिवस म्हणून पाळला जातो.

१४. आज वेल्समध्ये लोक जोन्स सोडून पुन्हा ‘आप’ लावतात का?

काही जण लावतात. वेल्श भाषेच्या चळवळीबरोबर ही रीत परत आली. १९२२ मध्ये वेल्श मुलांची ‘उर्द’ ही संघटना स्थापणारे इवान आब ओवेन एडवर्ड्स हे ओवेन एडवर्ड्स यांचे चिरंजीव. त्यांनी आडनाव ठेवले आणि बापाचे नावही मध्ये घेतले. २०२३ मध्ये प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे नेते झालेले रीन आप योर्वेर्थ यांच्या वडिलांचे नाव एडवर्ड आणि आडनाव जोन्स. योर्वेर्थ हे एडवर्डचे परंपरागत वेल्श रूप आहे, म्हणून मुलगा रीन आप योर्वेर्थ झाला. भविष्यातील वंशावळ लिहिणाऱ्याला येथे जोन्सची साखळी तुटल्यासारखी वाटेल. त्याने प्रश्न ३ कडे परत जावे.